तळं कुणाचं, पाणी कुणाचं?

जालन्याहून सिंदखेडराजाकडे निघालं की कडवंचीच्या शिवारात पन्नी अंथरलेली शेततळी दिसू लागतात. एक-दोन नाहीत, शेकडो. 1990च्या दशकात इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमातून इथे काम उभं राहिलं. खरपुडीचं कृषी विज्ञान केंद्र आणि विजयअण्णा बोराडे यांचा त्यात मोठा वाटा. माथ्यापासून पायथ्यापर्यंत चर, बांधबंदिस्ती, नालाबांध झाले, वाहून जाणारं पाणी मुरू लागलं आणि कोरडवाहू गावात द्राक्षं आली. 2012-13च्या दुष्काळात जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा वाळून सरपणाला गेल्या, तेव्हाही कडवंचीतली द्राक्षं तगली. हे श्रेय कुणी हिरावून घेऊ नये.

मात्र पुढे या यशाची नक्कल जिथे-जिथे झाली, तिथे पहिला अर्धा भाग गळाला. माथ्यावरचे चर फोटोत चांगले दिसत नाहीत, शेततळं दिसतं. सरकारनेही 2016 साली ‘मागेल त्याला शेततळे’ म्हणून तेच पुढे आणलं. मूळ कल्पना अशी की शेतावरून वाहणारं पावसाचं पाणी तळ्यात अडवायचं. प्रत्यक्षात पुष्कळ तळ्यांचे काठ जमिनीपेक्षा उंच असतात. वाहतं पाणी त्यांत शिरूच शकत नाही. मग पावसाळ्यात आणि पावसाळा सरता-सरता विहिरीवर, बोअरवर मोटार लावायची आणि तळं भरून घ्यायचं. खाली पन्नी असल्याने त्यातलं थेंबभरही पुन्हा जमिनीत जात नाही.

इथली जमीन बसाल्टची. वर माती, खाली मुरूम, त्याखाली फुटका खडक आणि मग कातळ. पाणी राहतं ते त्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत, तेही थोडंच. या भेगा सातबारा पाहून थांबत नाहीत. माझ्या बोअरचं पाणी शेजारच्या विहिरीत गेलं असतं, तिथून खालच्या आळीच्या हातपंपाला पोचलं असतं. ते मी सप्टेंबरात उपसून तळ्यात घेतलं, तर मी पाणी वाचवलं असं कसं म्हणायचं? गावाच्या सामाईक खात्यातून काढून मी ते स्वतःच्या खात्यात टाकलं, एवढंच झालं.

शिवाय त्या खात्याला गळती आहे. 30 मीटर लांब, 30 मीटर रुंद असं तळं काठोकाठ भरलेलं धरा. ऐन उन्हाळ्यात त्यावरून दिवसाला 8 मिलिमीटर पाणी उडालं, तरी ते 7,200 लिटर होतं. ग्रामीण भागात माणशी 55 लिटरचा निकष आहे, त्या हिशोबाने हे सुमारे 130 माणसांचं दिवसाचं पाणी. त्याच गावात टँकरपाशी बायका घागरी घेऊन उभ्या असतात. खडकात राहिलेलं पाणी असं उन्हात उडत नाही.

शेतकऱ्याला मी दोष देत नाही. मोसंबीचं झाड वाढवायला चार-पाच वर्षं जातात, मेलं तर तेवढी वर्षं मातीत. शेजारी भरतोय म्हटल्यावर मी थांबून काय करू, हा त्याचा प्रश्न रास्त आहे. एकट्याने थांबून काहीच होत नाही, म्हणूनच हा प्रश्न एकट्यावर सोडता येत नाही. 2009चा राज्याचा भूजल कायदा 60 मीटरपेक्षा खोल विहीर शेती-उद्योगासाठी खोदायला मनाई करतो. 60 मीटर म्हणजे जेमतेम 200 फूट. बोअरच्या गाड्या त्याच्या किती खाली जातात हे जालन्यात कुणाला सांगायला नको.

गावाने ठरवलं तर काय होतं, याची उदाहरणं याच महाराष्ट्रात आहेत. पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी 1970च्या दशकात पाणी पंचायत उभी केली. तिथे पाण्याचा वाटा जमिनीवर नव्हे तर घरातल्या माणसांवर ठरला, भूमिहीनालाही हक्क मिळाला आणि ऊस वर्ज्य झाला. हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर बंद केले, आणि तिथे दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडतात. पिण्याचं आधी बाजूला, मग रब्बीचं ठरतं. या निर्णयाला ऑक्टोबरातली ग्रामसभा लागते. एप्रिलमध्ये नळाला तोटी बसवा म्हणून सांगणं ठीकच आहे, पण तोवर उन्हाळ्याचं पाणी ठरून गेलेलं असतं.

जालन्यात मात्र हा ताळेबंद अर्ध्यावर अडतो, आणि मला खरी काळजी त्याची वाटते. पाऊस कमी झाला तर गहू-हरभऱ्याचं क्षेत्र त्या वर्षापुरतं घटवता येतं. बाग घटवता येत नाही. मोसंबी असो वा द्राक्ष, एकदा लावली की चांगलं वर्ष असो की वाईट, तिला पाणी लागणारच. ठिबक, आच्छादन, बहाराचा ताण यांनी थोडं भागतं, पण वाचलेल्या पाण्यावर आणखी एकर लावलं की उपसा होता तिथेच. तेव्हा दरवर्षीच्या ताळेबंदाआधी आणखी एक हिशोब हवा: वाईटातल्या वाईट पावसात गावाच्या जमिनीखाली जेवढं पाणी उरतं, त्यावर एकूण किती एकर बाग जगेल. तो आकडा रोपं आणायच्या आधी ग्रामसभेपुढे मांडायला हवा. ज्यांच्याकडे ना बाग आहे ना तळं, अशा घरांनाही त्या सभेत मत असायला हवं.