विकत घेतलं, पण आपलं झालं का?

'पाणी सोडणं' हा वाक्प्रचार आपण सर्रास वापरतो. उसने दिलेले पैसे परत येत नाहीत असं दिसलं, की आपण त्यांच्यावर पाणी सोडतो. मुळात हा शब्द दानविधीतला. दान देणारा हातावरून पाणी सोडतो आणि 'न मम' म्हणतो, म्हणजे हे आता माझं राहिलं नाही. यात एक अट लपलेली आहे. जे माझं आहे, त्याच्यावरच मला पाणी सोडता येतं. दुसऱ्याच्या वस्तूचं दान करता येत नाही.

आता एक साधा प्रश्न. तुमच्या फोनवर, लॅपटॉपवर किंवा कन्सोलवर तुम्ही पैसे मोजून काय काय घेतलंय ते आठवा. गेम, ई-पुस्तकं, सिनेमे, एखाद्या बंदुकीचं चमचमतं स्किन. यातलं काय तुम्ही तुमच्या धाकट्या भावंडाला देऊ शकता? तासभर खेळायला फोन देणं वेगळं. मी म्हणतोय ते कायमचं देणं, 'घे, आजपासून हे तुझं' असं म्हणून देणं.

बहुतेकांचं उत्तर 'जवळजवळ काहीच नाही' असं येईल. पैसे तर आपण दिले होते. बटणावर 'खरेदी करा' असंच लिहिलं होतं. मग खरेदी नेमकी कसली झाली?

हा प्रश्न गेमिंग कन्सोलच्या जगात सगळ्यात उघडपणे विचारला गेला, म्हणून तिथूनच सुरुवात करू. आपल्याकडे कन्सोल फार थोड्या घरांत आहे, हे मान्य. पण कन्सोलच्या बाबतीत जी भांडणं झाली, ती आता आपल्या सगळ्यांच्या खिशातल्या फोनची भांडणं आहेत.

कॅसेट, डिस्क आणि ३० दिवसांची मैत्री

निन्टेंडोचा फॅमिकॉम १९८३ मध्ये जपानमध्ये आला. नव्वदच्या दशकात त्याच्या नकला भारतातल्या अनेक मध्यमवर्गीय घरांत टीव्हीला जोडल्या गेल्या. गेमच्या प्लास्टिकच्या डबीला पोरं 'कॅसेट' म्हणायची. कॅसेट चालेना झाली की काढायची, फुंकर मारायची, पुन्हा बसवायची. यातला बराच माल चोरीचा होता, तेव्हा त्या काळाचे नुसतेच गोडवे गाण्यात अर्थ नाही. पण एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. तुमच्याकडे 'कॉन्ट्रा' आणि शेजारच्याकडे 'मारिओ' असला, तर मे महिन्याच्या सुट्टीत दोघांनाही दोन्ही गेम खेळता यायचे. त्यासाठी जिना उतरून जावं लागे, एवढंच.

पुढे प्लेस्टेशनच्या अधिकृत, महागड्या डिस्क घेणाऱ्यांनाही ही मोकळीक होती. गेम संपवायचा, लॅमिंग्टन रोडच्या एखाद्या दुकानात डिस्क द्यायची, वर थोडे पैसे घालायचे आणि दुसरी आणायची. अशा फिरत्या डिस्कमुळेच अनेकांना हा छंद परवडला.

२०१३ च्या जूनमध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या नव्या एक्सबॉक्स वनचे नियम जाहीर केले. कन्सोलने २४ तासांतून एकदा इंटरनेटवर हजेरी लावली पाहिजे, नाहीतर गेम बंद. वापरलेला गेम विकता येईल की नाही, ते गेमचा प्रकाशक ठरवणार. आणि मित्राला गेम द्यायचा असेल, तर तो मित्र तुमच्या फ्रेंड लिस्टमध्ये किमान ३० दिवस असायला हवा. तेही एक गेम एकदाच. मैत्री किती दिवस जुनी झाली म्हणजे भेट देता येईल, हे एका कंपनीने ठरवून टाकलं होतं.

लोक भडकले. त्याच महिन्यात लॉस एंजेलिसच्या ई-थ्री प्रदर्शनाच्या वेळी सोनीने एक छोटासा व्हिडिओ टाकला, जेमतेम २२ सेकंदांचा. प्लेस्टेशन ४ वर गेम शेअर कसा करायचा? एक माणूस दुसऱ्याच्या हातात डिस्क देतो, दुसरा 'थँक यू' म्हणतो. संपलं. जगभर हशा पिकला. १९ जूनला मायक्रोसॉफ्टने नियम मागे घेतले. ग्राहक जिंकले, असं सगळ्यांना वाटलं.

मागच्या दाराने

त्यानंतर काय झालं ते पाहा. २०२० मध्ये त्याच सोनीने प्लेस्टेशन ५ चं एक मॉडेल डिस्कच्या खाचेशिवाय आणलं. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स सिरीज एसलाही खाच नव्हती. २०२४ मध्ये प्लेस्टेशन ५ प्रो आला, किंमत ७०० डॉलर, आणि डिस्क ड्राइव्ह वेगळा विकत घ्यायचा. २०२५ च्या जूनमध्ये निन्टेंडोने स्विच २ बाजारात आणला. त्याच्या काही गेमच्या डबीत कार्ड असतं, पण कार्डात गेम नसतो. ते कार्ड म्हणजे नुसती किल्ली. गेम इंटरनेटवरून उतरवून घ्यायचा.

या वेळी मात्र कुणी फारसं भडकलं नाही. कारण या वेळी नियम जाहीर झाले नाहीत, सोय जाहीर झाली. दुकानात जायला नको, डिस्कवर ओरखडे पडायला नकोत, खाच नसलेलं मॉडेल थोडं स्वस्तही. जी अट लोकांनी मोठ्याने नाकारली होती, तीच त्यांनी पुढे एकेकट्याने, घरी बसून, स्वतःच्या बोटाने स्वीकारली. तंत्रज्ञानाच्या बाजारात हुकमापेक्षा सवलत अधिक काम करते.

किमतीचंही तसंच. पूर्वी कन्सोल जुना होत गेला की स्वस्त व्हायचा आणि धीर धरणाऱ्याला त्याचं फळ मिळायचं. डिस्कवाला प्लेस्टेशन ५ नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकेत ५०० डॉलरना आला. ऑगस्ट २०२५ मध्ये तिथे त्याची किंमत ५५० डॉलर झाली. पाच वर्षं जुनं यंत्र नव्यापेक्षा महाग.

एका कादंबरीचा खटला

विकणाऱ्याने विकल्यानंतरही वस्तूवर हुकूम चालवावा का, हा वाद नवा नाही. अमेरिकेतल्या एका प्रकाशकाने आपल्या कादंबरीत छापलं होतं, की हे पुस्तक एका डॉलरपेक्षा कमी किमतीला विकायचं नाही. मेसीज या दुकानाने ते ८९ सेंट्सना विकलं. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९०८ मध्ये निकाल लागला. प्रत एकदा विकली, की ती पुढे कितीला विकावी हे सांगण्याचा प्रकाशकाचा अधिकार संपतो. मजकूर लेखकाचा, पण हातातली प्रत माझी.

ही कल्पना कोर्टापुरती नाही. आपली वाचनालयं तिच्यावरच उभी आहेत. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मध्ये सुरू झालं, मुंबईचं १८९८ मध्ये. एक प्रत विकत घ्यायची आणि शेकडो लोकांनी वाचायची. रद्दीवाल्याकडचं जुनं पुस्तक, मोठ्या बहिणीची गाईडं, आजोबांच्या कपाटातले दिवाळी अंक, सगळं यातलंच. यातून लेखकाला दुसऱ्यांदा पैसे मिळत नाहीत, हे खरं आहे आणि गेम बनवणाऱ्यांचीही हीच तक्रार असते. पण फुकटात मिळालेल्या पहिल्या पुस्तकातूनच पुढे पैसे देणारा वाचक तयार होतो, हेही तितकंच खरं.

मालकी म्हणजे नुसता वापर नव्हे. वापर तर भाड्याच्या वस्तूचाही करता येतो. ती देता येणं, उसनी देता येणं, विकता येणं, मागे ठेवून जाता येणं, हे सगळं मिळून मालकी होते. यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट दुसऱ्या माणसाकडे जाते. म्हणून देण्याचा हक्क गेला, की फक्त ग्राहकाचं नुकसान होत नाही. दोन माणसांमधली एक वाट बंद होते.

पैसे परत मिळाले तरी

जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने काही ग्राहकांच्या किंडलमधून जॉर्ज ऑरवेलची पुस्तकं परस्पर काढून घेतली. विकणाऱ्याकडे हक्कच नव्हते, असं कारण होतं. काढलेल्या पुस्तकांत '१९८४' ही कादंबरी होती, हा योगायोग तर कुणी रचूनही जमला नसता. पैसे परत केले गेले, जेफ बेझोस यांनी माफीही मागितली. पण एका विद्यार्थ्याने अभ्यासासाठी काढलेल्या नोंदी त्या पुस्तकाला चिकटलेल्या होत्या. पुस्तक गेल्यावर त्या निरुपयोगी झाल्या. त्यांचे पैसे कसे मोजायचे?

गुगलची स्टेडिया ही गेमिंग सेवा नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झाली आणि जानेवारी २०२३ मध्ये बंद पडली. तिथेही गेमचे पैसे परत मिळाले, ही चांगलीच गोष्ट. युबिसॉफ्टचा 'द क्रू' हा २०१४ चा मोटारशर्यतींचा गेम मात्र ३१ मार्च २०२४ ला बंद झाला. एकट्याने खेळायचा भागही सर्व्हरवर अवलंबून होता, त्यामुळे डिस्क कपाटात असूनही तो गेला. यातूनच 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम उभी राहिली. युरोपात तिला दहा लाखांहून अधिक सह्या मिळाल्या. मागणी अशी की सर्व्हर जन्मभर चालवू नका, पण जाताना गेम खेळता येईल अशा अवस्थेत सोडून जा.

भारतात बनलेल्या मूकपटांपैकी बहुतेक आज नाहीत. रिळं जळाली, कुजली, कुणी जपलीच नाहीत. गेमच्या बाबतीत जपणारे हजारो आहेत, पण त्यांच्या हातात जपण्याजोगं काही ठेवलं जात नाही. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये काढलेल्या अंदाजानुसार, २०१० पूर्वी अमेरिकेत आलेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात सरळ मार्गाने मिळत नाहीत.

'पण सोय आहे की!'

याला तीन चांगली उत्तरं दिली जातात. तिन्हींकडे नीट पाहायला हवं.

पहिलं उत्तर सोयीचं. स्टीमच्या सेलमध्ये गेम दोनशे-तीनशे रुपयांत मिळतो. लहान गावातल्या मुलाला दुकान लागत नाही. छोट्या गेम बनवणाऱ्यांना डिस्क छापायचा खर्च नाही. हे सगळं खरं आहे. पण सोयीसाठी देण्याचा हक्क काढून घ्यावाच लागतो, असं कुठे आहे? जीओजी हे दुकान गेमची अशी फाइल देतं, जी एकदा उतरवली की इंटरनेटशिवायही बसवता येते. म्हणजे सोय आणि ताबा एकत्र नांदू शकतात.

दुसरं उत्तर, भाड्याने घेण्यात वाईट काय? काहीच नाही. थिएटरचं तिकीट काढताना आपण खुर्ची घरी नेत नाही. तक्रार भाड्याबद्दल नाही, पाटीबद्दल आहे. मोबदला खरेदीचा घ्यायचा आणि हक्क भाडेकरूचे द्यायचे. मुंबईतल्या पागडीच्या भाडेकरूलासुद्धा मालकाला वाटा देऊन खोली दुसऱ्याच्या नावावर करता येते. स्टीमचं खातं करारानुसार दुसऱ्याला देता येत नाही. कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२५ पासून कायदाच लागू केला, की जे परवान्यावर देता त्याला स्पष्ट खुलासा न करता 'खरेदी' म्हणू नका.

तिसरं उत्तर सगळ्यात गंभीर. वस्तूंचा एवढा मोह कशाला? आपल्या परंपरेत अपरिग्रह मोठा मानला आहे. कमी बाळगावं, हलकं जगावं. हे मला पटतं. पण अपरिग्रह हा ज्याच्या हातात काही आहे त्याने घेतलेला निर्णय असतो. ज्याने सोडलं त्याला त्यागी म्हणतात. ज्याच्याकडून काढून घेतलं गेलं, त्याच्या बाबतीत शब्द वेगळा आहे: जप्ती. कमी वस्तू बाळगणारा माणूस आणि काहीच त्याच्या नावावर नसलेला माणूस लांबून सारखे दिसतात. जवळ गेल्यावर कळतं, की पहिला देऊ शकतो आणि दुसऱ्याला ते शक्य नाही.

आता आपला फोन

२ सप्टेंबर २०२० ला भारतात पबजी मोबाइलवर बंदी आली. फेब्रुवारी २०२२ मध्ये फ्री फायरवर. पबजीच्या जागी आलेला बीजीएमआय जुलै २०२२ मध्ये स्टोअरवरून गायब झाला आणि मे २०२३ मध्ये परतला. या बंद्या योग्य होत्या की नाही, हा वेगळा वाद आहे. सरकारची कारणं असतील, कंपन्यांची बाजू असेल. पण ज्या मुलांनी खाऊचे पैसे साठवून रॉयल पास आणि स्किन घेतले, त्यांचा विचार करा. त्यांच्या वस्तूंचं काय होणार हे ठरत असताना ती मुलं त्या चर्चेत कुठेच नव्हती. त्यांच्याकडे दाखवायला कॅसेट नव्हती, डिस्क नव्हती. होती ती फक्त पैसे कापल्याची पावती.

म्हणून नवीन काही बाजारात आलं, की 'याने काय काय करता येतं' हा जाहिरातीतला प्रश्न थोडा वेळ बाजूला ठेवू. त्याऐवजी विचारू, हे मला कुणाला देता येईल का? उत्तर 'नाही' आलं, तरी ते घेऊ नये असं नाही. खुशाल घ्यावं, मजा करावी. फक्त तेवढ्याच किमतीला घ्यावं जेवढी भाड्याच्या वस्तूला द्यावीशी वाटते, आणि जे खरोखर जपायचं आहे, ज्यात आपल्या नोंदी आणि आठवणी अडकणार आहेत, ते शक्य तेव्हा अशा रूपात घ्यावं की एक दिवस आपल्याला ते दुसऱ्याच्या हातावर ठेवता येईल. तसं ठेवताना आपण त्याच्यावर पाणी सोडू, पण ते आपल्या इच्छेने.