गोत्र नसलेल्यांचं पाणी

पुदुक्कोट्टैजवळच्या सित्तन्नवासलला आम्हा तंजावरकरांचं जाणं होतं ते जैन लेण्यातली चित्रं पाहायला. मी मात्र खाली माळावरच्या दगडी वर्तुळांपाशी रेंगाळतो. मोठमोठ्या दगडांचं कडं, आत गोट्यांची रास, तिच्याखाली चिरे उभे करून केलेली पेटी, नाहीतर मातीचा मोठा रांजण. लोहयुगातली ही दफनं दोन हजार वर्षांहून जुनी. अशा दफनांत हाडांशेजारी काळी-तांबडी भांडी आणि लोखंडी हत्यारं सापडतात. पुष्कळदा देह आधी उघड्यावर ठेवून मागाहून फक्त अस्थी पुरलेल्या असतात. अस्थी तर आम्हीही वेचतो.

‘पुरनानूरु’ या प्राचीन तमिळ काव्यसंग्रहातल्या २५६व्या गीतात एक बाई कुंभाराला विनवते, रांजण रुंद घडव, त्यात मलाही जागा होऊ दे. ते वाचल्यापासून ही माणसं मला परकी वाटेनाशी झाली.

महालय अमावास्येला तिरुवैयारूला कावेरीत उभा राहतो तेव्हा हटकून प्रश्न पडतो : त्या वर्तुळांत पुरलेल्यांना पाणी द्यायचा मला अधिकार आहे का? आमचे वाध्यार, म्हणजे पुरोहित, म्हणतात, नाव नाही, गोत्र नाही, देणार कोणाला? शेवटी वस्त्र पिळून निपुत्रिकांना पाणी सोडतात, पण तेही आपल्याच कुळातल्या.

मला हे पटत नाही. आमचे पूर्वज व्यंकोजीराजांच्या मागोमाग सतराव्या शतकात इथे आले. त्याआधी किती पिढ्यांनी रानं तोडून ही जमीन भाताखाली आणली! त्याच भाताचे पिंड आम्ही आमच्या बापजाद्यांना देतो. ऋण रक्ताचं असतं तसं अन्नाचंही असतं, आणि हे अन्नाचं ऋण मी नाकारू शकत नाही.

त्यांची श्रद्धा वेगळी असेल, तिच्यावर माझा विधी का लादावा, हा आक्षेप मात्र मला खरा वाटतो. म्हणून त्यांच्यासाठी मी मंत्र म्हणत नाही, नुसती ओंजळ सोडतो.

त्यांनी मागितलं असेल ते एवढंच, की ठेवलेलं ठेवल्या जागी राहावं. प्राचीन स्मारकांविषयीच्या १९५८च्या कायद्याने संरक्षित जागांना आधार आहे. पण या भागातली कितीतरी वर्तुळं संरक्षित हद्दीबाहेर, शेताच्या बांधाला आणि खाणींच्या तोंडाशी आहेत. तिथले दगड खडीत जातात. त्या वर्तुळांची नोंद व्हावी म्हणून तालुका कचेरीत अर्ज घेऊन जाणं मला अमावास्येच्या स्नानाइतकंच बंधनकारक वाटतं.