पाल्यापासून पुराव्यापर्यंत

महाड तालुक्याच्या खाडीपट्ट्यात, तुडीलसारख्या गावात, भातलावणी उरकता उरकता अनेकांची कंबर धरते, गुडघे सुजतात. मग निर्गुडीचा पाला गरम करून बांधला जातो, सुंठ उगाळून लेप लावला जातो, कुणी गुळवेलीचा काढा घेतो. या उपायांबद्दल आपल्याकडे दोनच मते जोरात मांडली जातात. पूर्वजांना सगळे ठाऊक होते, हे एक. आणि हे सारे थोतांड आहे, हे दुसरे. तपासून पाहण्याचे कष्ट दोन्ही बाजूंना नको असतात. तपासायचे तर कुठे आणि कोणाच्या खर्चाने, हा खरा प्रश्न आहे. सर्वांना खुली असलेली सामायिक प्रयोगशाळा हेच मला त्याचे उत्तर वाटते.

अशी तपासणी जमते, हे महाराष्ट्राने दाखवले आहे. पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ मध्ये भिगवण येथे घरोघरी पाहणी सुरू केली. सुमारे १८ टक्के प्रौढांना सांधे-स्नायूंचे दुखणे असल्याचे तीत आढळले. पुढे वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या पाठबळावर डॉ. चोप्रा, डॉ. भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी सुंठ, गुळवेल, आवळा, सालई यांच्या अर्कांपासून केलेल्या औषधांची गुडघेदुखीच्या ४४० रुग्णांवर २४ आठवडे चाचणी घेतली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ही औषधे सेलेकॉक्सिब आणि ग्लुकोसामाइन या प्रचलित औषधांच्या तोडीस तोड ठरली. त्याच चाचणीत काही रुग्णांच्या रक्तात यकृतावरील ताण दाखवणारे विकर वाढलेले दिसले. त्यांना त्रास मात्र काहीच जाणवत नव्हता. गुण आणि धोका एकाच मोजणीतून पुढे आले. ‘वनस्पती आहे, अपाय कसला?’ या समजुतीला याहून चांगले उत्तर नाही.

पण अशा चाचणीपर्यंत पोहोचण्याआधीच बरेचसे संशोधन भरकटते. वनस्पतीचा अर्क सूज कमी करतो का, हे पाहण्यासाठी तो मॅक्रोफेज या रोगप्रतिकारक पेशींवर टाकतात. पेशींना जिवाणूंच्या आवरणातील एंडोटॉक्सिनने चिथवायचे आणि अर्कामुळे टीएनएफसारख्या दाहक प्रथिनांचे प्रमाण घटते का, ते मोजायचे. आता मुळात पाल्यावरच जिवाणू असतील, तर अर्कातून एंडोटॉक्सिन आधीच आलेले असते आणि मोजणी चुकते. अर्काने पेशी मेल्या, तरीही दाहक प्रथिने घटतात आणि विषालाच औषध समजले जाते. हळदीतले कर्क्युमिन तर अनेक चाचण्यांच्या मोजणीतच ढवळाढवळ करते. एकट्या महाविद्यालयातल्या एकट्या विद्यार्थ्याला या सगळ्या खाचखळग्यांची दखल घेणे कठीण असते. सामायिक सेवेचे मोल इथे आहे. तिथे यंत्रापेक्षाही शिस्त महत्त्वाची : झाडाची ओळख पक्की केलेला नमुना जपणे, अर्काची एकच ठरलेली कृती, प्रत्येक वेळी तुलनेसाठी माहीत असलेले औषध, आणि ‘गुण आढळला नाही’ हा निकालही नोंदवून ठेवणे.

अशी सेवा महाडला हवी म्हटले की, पुणे-मुंबई इतकी जवळ असताना वेगळी सोय कशाला, असा आक्षेप येईल. तो अर्धा खरा आहे. आयआयटी मुंबईत अशी विश्लेषण सुविधा आहे, झाडे ओळखायला पुण्याची आघारकर संशोधन संस्था आहे. कोट्यवधींचे यंत्र आणून ते तंत्रज्ञाअभावी झाकून ठेवण्यात अर्थ नाही. मोठी यंत्रे तिथेच राहोत. मात्र नमुना गोळा करणे, सावलीत सुकवणे, अर्क काढणे, पातळ थराच्या क्रोमॅटोग्राफीने प्राथमिक ओळख पटवणे ही कामे जागेवरच व्हायला हवीत. लोणेऱ्याला १९८९ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे, महाडच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांचे कारखाने आहेत. शिकलेले हात इथे आहेत. पगारी तंत्रज्ञ, परवडणारे दरपत्रक आणि सर्वांना खुली नोंदवही यांची जोड हवी.

आणि मालकीचा प्रश्न आधीच सोडवायला हवा. सह्याद्रीतल्या नरक्या या झाडात कर्करोगावरील औषधांसाठी लागणारे कॅम्पटोथेसिन आहे, हे कळल्यावर त्याची अमाप तोड झाली. ज्ञान प्रयोगशाळेत गेले, पैसा बाजारात गेला, डोंगराला उघडे खोड उरले. २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावपातळीवर व्यवस्थापन समित्या आणि लोकजैवविविधता नोंदवह्यांची तरतूद केली आहे. म्हणून पोलादपूरच्या डोंगरातून किंवा तुडीलच्या बांधावरून आलेल्या प्रत्येक नमुन्यासोबत समितीची संमती असावी, आणि निकाल सोप्या मराठीत त्याच समितीकडे परत जावा. तो ‘हा काढा घेऊ नका’ असा असला तरीही. ज्यांच्या गुडघ्यांवर हा पाला बांधला जातो, त्यांना त्याविषयीचे सत्य कळण्याचा पहिला हक्क आहे. सरकारी पैशाने उभ्या राहणाऱ्या प्रयोगशाळेने हा हक्क आपल्या नियमावलीत पहिल्या क्रमांकावर लिहावा.