एकाच टेकडीवर पुन्हा पुन्हा

हिवाळ्यात टूसॉनला पाहुणे आले की दुसऱ्या दिवशी सकाळीच विचारतात, इथे एका दिवसात होणारे चांगले ट्रेक कुठले? ॲरिझोनातलं हे वाळवंटी शहर डोंगरांच्या कुशीत वसलेलं आहे, त्यामुळे नावांना तोटा नाही. उत्तरेच्या सँता कॅटालिना रांगेत बेअर कॅन्यनमधून ओढा पुन्हा पुन्हा ओलांडत सेव्हन फॉल्सला जाता येतं. पश्चिमेला सग्वारो नॅशनल पार्कातून वॉसन शिखर गाठता येतं. आणि माउंट लेमनच्या रस्त्यानं गाडी घेऊन निघालं, तर निवडुंगांच्या रानातून तासाभरात पाइन आणि फरच्या जंगलात पोचता येतं, जवळजवळ २,८०० मीटर उंचीवर. ही सगळी ठिकाणं मी आनंदानं सांगतो. पण एकच दिवस असेल, तर मी टुमामॉक टेकडीचं नाव घेतो.

टुमामॉक शहराला अगदी खेटून आहे, सँता क्रूझ नदीच्या पलीकडे. वर जायला डांबरी रस्ता आहे, साधारण अडीच किलोमीटरचा, त्यावर वर्दळ फक्त चालणाऱ्यांची. पहाटे अंधारात बॅटऱ्या घेऊन लोक चढत असतात. ऑफिसला जाण्याआधी आलेली नर्स, तान्ह्या मुलाला पाठीला बांधलेले आईबाप, रोज ठरलेल्या वळणावर श्वास घ्यायला थांबणारे आजोबा. पुण्यात ज्यांनी पर्वती किंवा वेताळ टेकडी वर्षानुवर्षं केली आहे, त्यांना हे दृश्य परकं वाटणार नाही. पर्वतीला कुणी विचारत नाही, ‘अजून झाली नाही का तुमची?’ असा प्रश्न किल्ल्यांच्या वाट्याला येतो. किती किल्ले झाले, कुठला राहिला, याची वही आपल्याकडे घरोघरी सापडेल. त्या वहीबद्दल मला आदर आहे, तिनंच पिढ्यान्‌पिढ्या मुलांना सह्याद्रीत नेलं. पण वाळवंटाला ती वही लागू पडत नाही, असं माझं ठाम मत झालं आहे. एकदा येऊन गेलेल्याला वाळवंट जवळजवळ काहीच दाखवत नाही.

याचं कारण इथल्या काळाच्या चालीत आहे. टुमामॉकच्या उतारावर पालो व्हर्देच्या हिरव्या खोडाखाली वाकून पाहिलं, तर कधीकधी अंगठ्याएवढा सग्वारो निवडुंग दिसतो. एवढासा व्हायलासुद्धा त्याला आठ-दहा वर्षं लागलेली असतात. उन्हाळ्यातलं ऊन आणि हिवाळ्यातली कडाक्याची थंडी त्या झाडाच्या आडोशानं सोसल्यामुळेच तो जगलेला असतो. पहिलं फूल यायला साधारण पस्तीस वर्षं. हात फुटायला पन्नास ते पंच्याहत्तर, कोरड्या जागी त्याहूनही अधिक. पोस्टकार्डावर दिसतो तो दोन्ही हात वर केलेला सग्वारो आपल्या पणजोबांच्या वयाचा असतो. उलट पावसात तोच सग्वारो काही दिवसांत बदलतो. त्याच्या अंगावरच्या उभ्या घड्या पेटीच्या भात्यासारख्या उघडतात आणि खोड पाण्यानं भरून फुगतं. मे महिन्यात खपाटीला गेलेलं खोड ज्यानं पाहिलं असेल, त्यालाच ऑगस्टमधली ही फुगवण कळते. अर्धशतकाची चाल आणि आठवड्याची उलथापालथ एकाच खोडात असते. ती पाहायची तर परत यावंच लागतं.

टुमामॉकच्या अर्ध्या वाटेवर काळ्या दगडांच्या जुन्या इमारती लागतात. १९०३ मध्ये कार्नेगी इन्स्टिट्यूशननं वाळवंटातल्या वनस्पतींच्या अभ्यासासाठी इथे प्रयोगशाळा काढली. टेकडीभोवती कुंपण घालून गुरांची चराई बंद केली आणि १९०६ पासून जमिनीचे ठरावीक तुकडे आखून त्यांतल्या एकेका रोपाची नोंद ठेवायला सुरुवात झाली. तेच तुकडे पुढच्या पिढ्यांनी पुन्हा मोजले, त्याच जागी उभं राहून तीच छायाचित्रं पुन्हा काढली. कुठलं झुडूप मेलं, कुठे नवं रुजलं, कुठल्या दशकात सग्वारोची रोपं तगली, हे त्या नोंदींतून कळलं. मला या पद्धतीचं मोठेपण वाटतं ते असं, की नोंदी सुरू करणाऱ्यांना उत्तर आपल्या हयातीत मिळणार नाही हे ठाऊक असणार.

आणि ही गोष्ट प्रयोगशाळेपुरती नाही. कॅटालिना रांगेत फिंगर रॉक नावाची वाट आहे, आठ किलोमीटरमध्ये सुमारे १,२०० मीटर चढणारी, खाली सग्वारो आणि वर पाइन. डेव्ह बर्टेलसन या हौशी निसर्गनिरीक्षकानं ती एकच वाट १९८४ पासून पुन्हा पुन्हा चालत कुठल्या टप्प्यावर काय फुललं आहे ते लिहून ठेवलं. त्यांच्या वीस वर्षांच्या नोंदींवर थेरेसा क्रिमिन्स आणि सहकाऱ्यांनी काम केलं. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासानुसार ३६३ प्रजातींपैकी ९३ प्रजातींच्या फुलण्याच्या उंचीचा पट्टा बदलला होता, आणि त्याचा संबंध तापत चाललेल्या उन्हाळ्यांशी दिसत होता. एका माणसाच्या आवडत्या वाटेनं हवामानबदलाचा पुरावा दिला. दरवेळी नवा डोंगर शोधणाऱ्याच्या हाती हे लागलं नसतं.

कुणी म्हणेल, रोज तेच पाहून नजर मरते. ही भीती खरी आहे, शहरातल्या रस्त्यावर ती मरतेच. पण वाळवंट तिला मरू देत नाही, कारण इथे चालण्याच्या वेळा माणूस ठरवत नाही. जूनमध्ये पारा चाळीसच्या वर असतो, तेव्हा सूर्योदयाआधी निघून ऊन चढायच्या आत खाली यायचं. अर्धं पाणी संपलं की शिखर समोर दिसत असलं तरी मागे फिरायचं, हा इथला पहिला नियम, आणि परत येण्याची सवय असलेल्यालाच तो पाळणं सोपं जातं. ज्याचा हा एकच दिवस आहे तो पुढे रेटत राहतो. जूनच्या शेवटी सग्वारोची फळं पिकतात. इथले मूळ रहिवासी टोहोनो ओ'ओदम लोक सग्वारोच्याच वाळलेल्या फासळ्यांची लांब काठी करून ती उतरवतात, त्यांचं पेय आंबवतात आणि पावसाला बोलावतात. मग जुलैत दुपारचे ढग येतात. क्रिओसोटच्या झुडपांना पाणी लागलं की सगळा उतार उग्र वासानं भरून जातो. तेव्हा ओढ्याच्या वाटा टाळायच्या. आपल्या डोक्यावर ऊन असलं, तरी वर डोंगरात कोसळलेलं पाणी काही मिनिटांत कॅन्यनमध्ये उतरू शकतं.

सध्या मला टुमामॉकवर सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट एक गवत आहे. इथे त्याला बफेलग्रास म्हणतात. आपल्याकडे चाऱ्यासाठी मुद्दाम लावतात ते अंजन गवत हेच. इथेही ते गुरांसाठी आणि धूप थांबवायला बाहेरून आणलं गेलं. सग्वारोच्या रानात झाडाझुडपांमध्ये उघडी जमीन असते, म्हणून आग लागली तरी पसरत नाही. ती मोकळी जागा हे गवत भरून काढतं, वाळतं आणि पेटतं. सग्वारोला आगीची सवय नाही. शंभर वर्षांचं खोड एका वणव्यात भाजून निघतं, आणि गवत मात्र मुळांतून पुन्हा फुटतं.

ते काढण्याचं काम इथले स्वयंसेवक करतात. जड पहार बुडाशी घालून झुबका मुळासकट उपटायचा, पिशवीत भरायचा, आणि पुढच्या पावसानंतर त्याच जागी परत जायचं, कारण मातीत राहिलेलं बी तोवर उगवलेलं असतं. उतार मोठा आहे आणि पहारी थोड्या. झुबका पहिल्या वर्षीच दिसला तर दोन हातांनी निघतो. तो दिसतो, त्या वळणावर गेल्या पावसाळ्यात काय होतं हे ज्यांच्या ध्यानात आहे त्यांना. म्हणून पाहुण्यांना टेकडीवर नेलं की मी त्यांना शहराचा देखावा दाखवण्याआधी हे गवत ओळखायला शिकवतो.