जमिनीचे नॉमिनी

माणसाला दोन गोष्टी पटवून देणं फार अवघड. एक, आपल्या मुलाला गाणं येत नाही. आणि दुसरी, नॉमिनी हा मालक नसतो. पहिलीच्या वाटेला मी जात नाही. दुसरी मात्र बी.कॉम. होऊन बँकेत चिकटल्यापासून काउंटरवर सतत सांगावी लागते. "अहो काका, पैसे तुमच्या हाती येतील, पण वारसांच्या वतीने. तुम्ही नुसते विश्वस्त." काका शांतपणे ऐकून घेतात आणि विचारतात, "ते कळलं हो, पण पैसे माझेच ना?"

हा मुद्दा उसाच्या पाचटालाही लागू पडतो की काय, अशी शंका मला अलीकडे येऊ लागली आहे. कारण आमचा दादा. कराडजवळचा वडिलोपार्जित ऊस दादा रानात राबून पिकवतो आणि त्यातला माझा वाटा मी शहरात पंख्याखाली बसून पिकवतो. तोड झाली की एकरी ३-४ टन पाचट मागे उरतं. दादा त्याला काडी लावतो. कृषी महाविद्यालयात शिकणारा पुतण्या म्हणाला, जाळू नका, कंपोस्ट करा. त्यावर दादाने असा सवाल टाकला की भले भले तत्त्वज्ञ अडावेत : "पाचट माझं, काडी माझी, रान माझं. जाळलं तर कुणाच्या बापाचं काय जातं?"

बाप आमचा एकच असल्यामुळे उत्तर देणं मला भाग होतं.

आधी पाचट कुणाचं ते बघू. त्यातला कर्ब हवेतून आला, पाणी कृष्णेचं, नत्र-पालाश मातीतून. "आणि युरियाची पोती?" दादाने विचारलं. कबूल, पोती दादाचीच. म्हणजे हे झालं संयुक्त खातं, आणि दादा त्यातला एक खातेदार. पाचट पेटवलं की त्यातलं बहुतेक सगळं नत्र धुराबरोबर उडून जातं. राखेत उरतो तो पालाश वगैरे. स्वतः पैसे भरायचे आणि स्वतःच ते हवेत सोडायचे, याला आमच्या खात्यात नावच नाही.

"मग तसंच गाडतो," दादा म्हणाला. तिथे दुसरी पंचाईत. पाचटात नत्राच्या १ भागामागे कर्बाचे १००च्या आसपास भाग. कुजवणाऱ्या जिवाणूंना २५ ते ३० भागांमागे १ लागतो. तो मिळाला नाही की ते मातीतलं नत्र उचलतात. सरळ ओव्हरड्राफ्ट! फेड होते, पण सावकाश. तोवर उभं पीक पिवळं पडतं. म्हणून पाचटाला तालेवार जामीनदार लागतो : शेण, कोंबडीखत, गोठ्यातली मुताने भिजलेली माती. थरावर थर घालायचे, पाणी शिंपडायचं, अधूनमधून ढीग उलथायचा. ढिगाच्या पोटात ६० अंशांपर्यंत ताप चढतो, मग उतरतो, आणि ३-४ महिन्यांत काळंभोर, मातीच्या वासाचं खत तयार होतं.

या विद्येला जग 'इंदूर पद्धत' म्हणतं. आल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज साहेबाने १९२४ साली इंदुरात संस्था उभारली आणि १९३१ साली यशवंत वाड यांच्या जोडीने या पद्धतीवर पुस्तक लिहिलं. पुस्तकावर नावं दोन, गाजलं एक; संयुक्त खात्यांचं असं होतंच. हॉवर्डसाहेब शेतकऱ्यांना आणि पिकांवरच्या किडींना आपले प्राध्यापक मानत. किडींच्या शेजारी बसवल्याचं दादाला आवडणार नाही, म्हणून एवढा भाग मी गाळला.

मग मी माझा सिद्धान्त मांडला. सातबाऱ्यावर नाव असलं तरी आपण रानाचे नॉमिनी. आजोबांकडून आलं, नातवंडांकडे जायचं. व्याज खुशाल खावं, मुद्दलाला काडी लावू नये.

दादा तंबाखू मळत ऐकत होता. म्हणाला, "बरोबर आहे तुझं. पण ढीग उलथायला माणूस लागतो. मजुरी परवडत नाही आणि माझे गुडघे तू बघतोसच. काडेपेटी दोन रुपयांना मिळते."

खरा प्रश्न इथेच आहे. उद्याच्या नातवंडांचं भलं आजच्या दुखऱ्या गुडघ्यांवर लादायचा अधिकार कुणाला? उपदेश म्हणजे पाचटच की! आकाराने मोठा, वजनाला हलका, आणि नुसता टाकला तर वर्षानुवर्षं मुरत नाही. त्यात कुणीतरी आपलं नत्र घालावं लागतं. विश्वस्ताला खर्च मागायचा हक्क असतो, हेही कायद्यातच आहे. आणि तो खर्च सोसावा लाभ घेणाऱ्याने. आता नातवंडं अजून जन्मायची आहेत. सध्या दर हंगामाला उसाच्या बिलातून लाभ घेणारा इसम तेवढा एकच सापडतो, आणि तो बँकेत असतो.

यंदा ढिगाची मजुरी माझ्या वाट्यातून वळती होते आहे. परवा दादाचा फोन आला : "ढीग अजून म्हणावा तसा तापला नाही. रजा शिल्लक असली तर चार दिवस ये. नत्र कमी पडतंय."