अन्नाचे ऋण आणि गावाचे कोठार

तैत्तिरीय उपनिषदाच्या भृगुवल्लीत अन्नाला ब्रह्म म्हणून ऋषी थांबत नाही. अन्नाची निंदा करू नये, त्याचा अव्हेर करू नये, ते वाढवावे, अशी व्रतेही तो सांगतो. व्रत आले की ते पाळणारा आला. म्हणून चंद्रपूर-गडचिरोलीच्या धानपट्ट्यात मला असा प्रश्न पडतो की, शेतकऱ्याने विकलेल्या आणि सरकारने विकत घेतलेल्या अन्नाचे व्रत आता कोणाच्या शिरावर आहे?

या आदिवासी मुलखात आधारभूत किमतीची धानखरेदी मुख्यतः आदिवासी विकास महामंडळ सहकारी संस्थांमार्फत करते. दिवाळीच्या सुमारास काटा लागतो, बारदाना येतो, केंद्राच्या आवारात पोत्यांची थप्पी चढते. आणि गुदाम अपुरे पडले म्हणजे तीच थप्पी ताडपत्रीखाली भरडाईची वाट पाहत राहते, अवकाळी पावसाचे पाणी खालून शिरते, तळच्या पोत्यांच्या शिवणीतून हिरवे कोंब डोकावू लागतात. दफ्तरात ती केवळ तूट ठरते. परंतु गावदेवाला आणि पितरांना अर्पण केल्याखेरीज नवे अन्न तोंडात न घालण्याची रीत पाळणारी माणसे याच अरण्यात राहतात, आणि अन्नावर खाणाऱ्याच्या आधी दुसऱ्या कोणाचा तरी हक्क असतो ही त्या रीतीतली जाणीव मला हिशेबाच्या तुटीपेक्षा सत्याच्या अधिक निकट वाटते.

म्हणून या अन्नासाठी गावाचे कोठार हवे. संचय म्हणजे परिग्रह, मग कोठारे कशाला, असे कोणी विचारील. पण एकाने सर्वांपासून राखलेले धान्य आणि सर्वांनी सर्वांसाठी राखलेले धान्य यांत धर्मदृष्ट्या महदंतर आहे. त्या कोठारासाठी खजिन्यातून येणारा पैसाही मी दान मानीत नाही. शतपथ ब्राह्मणाने देव, ऋषी, पितर यांच्या जोडीला मनुष्यांचेही ऋण सांगितले आहे. आणि ज्या मुलखातून आलापल्लीचे सागवान आणि बल्लारपूरच्या कागद कारखान्याचा बांबू वर्षानुवर्षे बाहेर गेला, त्या मुलखाला गुदाम बांधून देणे ही ऋणाची फेड आहे, मेहेरबानी नव्हे.

मात्र फेड कोणाच्या हाती पडते, हेही पाहिले पाहिजे. पूर्व विदर्भातील सहा हजारांहून अधिक मालगुजारी तलाव गोंड राजांच्या आश्रयाने, कोहळी समाजाच्या कसबाने आणि पुढे मालगुजारांच्या देखरेखीने नांदले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव यथावकाश सरकारजमा झाले, आणि एका अन्याय्य मक्त्याबरोबर गाळ काढण्याची, पाळ राखण्याची जुनी वहिवाटही बहुतेक ठिकाणी सुटली. मालगुजारी गेली ते योग्यच झाले. पण तलाव गावाच्या स्वाधीन केले असते तर! याउलट धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखाला २००९ साली सामूहिक वनहक्क आणि २०११ साली बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक मिळाले, तेव्हा जंगलाचा कारभार ग्रामसभेने चालवून दाखविला.

आदिवासी उपयोजनेतील पाच टक्के अबंध निधी २०१५ पासून पेसा कायद्याखाली येणाऱ्या गावांना थेट मिळू लागला आहे. एवढ्याने सगळी गुदामे उभी राहणार नाहीत. त्याला राज्याने स्वतंत्र तरतुदीची जोड द्यावी. उंच जोत्याचे गुदाम, धान वाळविण्यास पक्के खळे आणि गावापुरती लहान भरडाई गिरणी यांची मंजुरी पुढच्या हंगामाचा काटा लागण्यापूर्वी व्हावी, आणि गुदामाची किल्ली व आवक-जावकीची वही ग्रामसभेकडे असावी.