हरलेल्याच्या हाती पुन्हा बॅट

टेबल टेनिसच्या दुहेरीत एक नियम आहे, जो टेनिसमध्ये नाही आणि बॅडमिंटनमध्येही नाही. जोडीतल्या दोघांनी आळीपाळीनेच चेंडू मारायचा. चेंडू अगदी हाताशी आला, पण पाळी जोडीदाराची असली तर हात आवरायचा. बॅट लावली की गुण समोरच्याला. म्हणून आपला फटका मारून झाला की त्याच क्षणी बाजूला सरावं लागतं, जोडीदाराला वाट करून द्यावी लागते. टेबल जेमतेम पाच फूट रुंद, चेंडू 2.7 ग्रॅमचा. सरायला उशीर झाला की दोघं एकमेकांवर आदळतात.

हा नियम मनात ठेवून एप्रिल 2018 मधली एक लढत आठवावी. ऑस्ट्रेलियातल्या गोल्ड कोस्टला राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धा, महिला सांघिक अंतिम फेरी, समोर सिंगापूर. 2002 साली हा खेळ राष्ट्रकुल स्पर्धेत आला, तेव्हापासून हे सुवर्ण सिंगापूरशिवाय कुणाच्या हाती लागलंच नव्हतं. 2010 मध्ये दिल्लीत, घरच्या प्रेक्षकांसमोर, अंतिम फेरीत त्यांनीच आपल्याला हरवलं होतं. या वेळी मनिका बत्राने पहिल्याच लढतीत तीन ऑलिंपिक पदकं मिळवलेल्या फेंग तियानवेईला पाच गेममध्ये नमवलं. दुसऱ्या लढतीला उतरली ठाण्याची मधुरिका पाटकर. आदल्या वर्षी ती राष्ट्रीय विजेती झाली होती, तीही तिशीला टेकल्यावर, जेव्हा पुष्कळांचा खेळ उतरणीला लागलेला असतो. पण त्या दिवशी यू मेंग्यूने तिला सरळ तीन गेममध्ये हरवलं. 1-1.

तिसरी लढत दुहेरीची. भारताकडून मौमा दास आणि मधुरिका. समोर झोऊ यिहान आणि तीच यू मेंग्यू.

मला या अंतिम सामन्यातली सगळ्यात मोलाची जागा हीच वाटते. नुकताच जिच्याकडून पराभव झाला, तिच्यासमोरच पुन्हा उभं राहायचं. आणि आता एकटीने नाही, तर जोडीने. म्हणजे हातून चूक झाली तर तिची किंमत मौमालाही मोजावी लागणार. मौमा 2010 च्या त्या हरलेल्या संघात होती. इतक्या वर्षांनी पुन्हा सुवर्ण समोर आलेलं, आणि शेजारी उभी आहे ती नुकतीच हरून आलेली मैत्रीण. अशा वेळी चेंडू आपल्या टप्प्यात दिसला की पाळी विसरून झेप घ्यावीशी वाटणं किती साहजिक आहे! पण नियम तसं करू देत नाही. दर दुसरा चेंडू मधुरिकानेच मारायचा होता, आणि मौमाने तिला वाट द्यायची होती.

आपल्या घरांत नेमकं याच्या उलट घडतं. आमच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात, प्रतापगडच्या पायथ्याच्या गावांत काय किंवा खुद्द अर्जुनी मोरगावात काय, दहावी-बारावीचा निकाल लागला की नापास झालेल्या पोराकडून बाजारहाटाचे पैसेसुद्धा काढून घेतले जातात. एखाद्या भावाचा धंदा बुडाला की वाटणीच्या, लग्नकार्याच्या, धान विकायच्या बोलण्यात त्याला कुणी विचारत नाही. तो बसलेला असतो तिथेच. फक्त त्याची पाळी येत नाही. आपण म्हणतो, त्याला जरा वेळ देऊ, त्रास नको. बहुतेक वेळा ही माया नसते, अविश्वास असतो, आणि त्या माणसाला तो बरोबर कळतो. हे मी राग येऊन लिहितो आहे. एका अपयशापायी कायमची मान खाली घालून वावरणारी माणसं या तालुक्यात पुष्कळ पाहिली आहेत, आणि त्यांतल्या कितीतरी जणांना काम झेपत नव्हतं असं नाही. काम पुन्हा हातीच दिलं गेलं नाही.

धानाच्या रोवणीच्या दिवसांत याच घरांतल्या बायाबापड्या किती शहाण्या असतात! बांधीत ओळ धरून पऱ्हे रोवताना एखादी मागे पडली, तर शेजारची तिच्या पातीतली चार रोपं लावून देते आणि पुन्हा आपल्या पातीत येते. मागे पडलीस, आता बांधावर बस, असं तिला कुणी म्हणत नाही.

गोल्ड कोस्टला मौमा आणि मधुरिकाने पहिले दोन गेम घेतले, तिसरा गमावला, चौथा जिंकला. 2-1. मग मनिकाने झोऊ यिहानला सरळ तीन गेममध्ये हरवलं आणि भारताला राष्ट्रकुल स्पर्धेतलं महिला सांघिक सुवर्ण पहिल्यांदा मिळालं. त्या दिवशी मनिकाचं नाव गाजलं, आणि ते रास्तच होतं; दोन एकेरी तिने जिंकल्या होत्या. मधुरिकाला 2020 मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला. त्या अंतिम सामन्याच्या गुणपत्रकात तिचं नाव दोनदा येतं, एकदा पराभवापुढे आणि त्याच्या खालच्याच ओळीत विजयापुढे. त्या दोन ओळींच्या मधल्या वेळात कुणी तिला काय म्हटलं असेल, की काहीच न बोलता फक्त बॅट हातात दिली असेल, याचा विचार निकाल लागलेल्या प्रत्येक घरातल्या आईबापांनी करावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.